आडोसा

"ताई, इथे एक सही करा. आणि हे तुमचं मानधन," असं म्हणत सेक्रेटरींनी व्हाउचरबुक माझ्यापुढे सरकवलं, तेव्हा मैदानावर अंधार पडत आला होता. मुलींची दोन दिवसांची फुटबॉल स्पर्धा नुकतीच संपली होती. दोन्ही दिवस सकाळी साडेसहापासून मी नोंदणीच्या टेबलावर होते. आधार कार्ड बघायचं, जन्मदाखल्याची झेरॉक्स ताडून पाहायची, जर्सीचे नंबर लिहून घ्यायचे, हरवलेली पाण्याची बाटली कुणाची ते ओरडून विचारायचं. लेक खेळते म्हणून मी आपणहून गेले होते, मानधनाचं डोक्यातही नव्हतं. सही करता करता आकडा दिसला, रुपये तीन हजार फक्त. बरं वाटलं. पाकीट पर्समध्ये टाकलं आणि निघाले. विद्यापीठ चौकात गाडी अडकली. मुक्ता मागच्या सीटवर शिनगार्डसकट झोपली होती. काही सुचेना म्हणून पाकीट उघडलं, तर आत पाचशेच्या तीन नोटा. तीन नोटा दोनदा मोजाव्या लागत नाहीत, तरी मी मोजल्या.

मी सव्वीस वर्षं एका बँकेच्या कॅश काउंटरला आहे. माझ्या खिडकीवर पाटी आहे, 'काउंटर सोडण्यापूर्वी रोख रक्कम मोजून घ्यावी.' दिवसातून शंभर माणसं त्या पाटीखाली उभी राहतात आणि बहुतेक जण मोजत नाहीत. माझ्यावर विश्वास असतो म्हणून नव्हे. समोरच्या बाईसमोर नोटा मोजणं त्यांना संकोचाचं वाटतं. त्या संध्याकाळी मी तेच केलं. दोन दिवस बरोबर राबलेल्या माणसाच्या हातून पाकीट घ्यायचं आणि त्याच्यापुढेच ते उघडून बघायचं, हे मला जमलं नाही. मागून हॉर्न वाजायला लागले. मी पाकीट डॅशबोर्डवर ठेवलं आणि गिअर टाकला, पण घरी पोचेपर्यंत नजर त्याच्याकडेच जात होती.

पंधराशे रुपयांचा प्रश्न नव्हता. सकाळचं एक बोलणं मनात रुतून बसलं होतं.

त्या मैदानावर कपडे बदलायला जागा नाही. मुलगे बिनधास्त उघड्यावर जर्सी बदलतात. मुलींचं तसं होत नाही. पहिल्याच सकाळी देहूरोडच्या बाजूच्या एका संघाच्या मुली टेम्पोतून उतरल्या, सगळ्या घरच्या कपड्यांत, आणि इकडेतिकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांच्यातल्या एकीच्या आईनं खांद्यावरची ओढणी काढली, दुसरीनं तिचं दुसरं टोक धरलं, आणि टेम्पोच्या मागच्या बाजूला एक आडोसा तयार झाला. मुली तीन-तीनच्या गटानं आत जात होत्या. मीही जाऊन माझी ओढणी धरली. वारा होता. कापड फुगायचं, आतून दबलेलं हसू यायचं, कुणीतरी म्हणायचं, "ए, बघ ना कुणी येतंय का." त्यानंतर मी सेक्रेटरींना विचारलं, मुलींसाठी एखादा कापडी तंबू लावता येणार नाही का? ते फक्कीची पाटी हातात घेऊन उभे होते. पहाटे साडेचारला येऊन त्यांनी एकट्यानं सगळं मैदान आखलं होतं, भुवयांवरसुद्धा पांढरी पूड बसली होती. ते खरोखरच्या काकुळतीनं म्हणाले, "ताई, फंडच नाही हो."

फंड नाही. आणि माझ्या नावापुढे तीन हजार.

त्या रात्री झोप लागेना. ओढणी आणि पाकीट डोक्यात एकमेकांत मिसळत होते, आणि मध्येच एक तिसरं चित्र येऊन बसलं. दहा वर्षांपूर्वीचं, झुरिकचं. तुम्हालाही ते आठवत असेल. २७ मे २०१५ ची पहाट, तळ्याकाठचं बाउर ओ लाक नावाचं जुनं भारी हॉटेल, आणि मागच्या दारातून माणसांना बाहेर काढताना हॉटेलच्या नोकरांनी धरलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरी. फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या, वार्षिक सभेसाठी आलेल्या सात पदाधिकाऱ्यांना स्विस पोलिसांनी खोल्यांमधून उठवून नेलं होतं. फोटोत चेहरा कुणाचाच दिसत नाही. दिसतात त्या फक्त चादरी, इस्त्रीच्या घड्या अजून न मोडलेल्या, आणि त्यांच्याखालून चालणारे बूट. तो फोटो मी बँकेत जेवणाच्या सुट्टीत पेपरात पाहिला होता. मुक्ता तेव्हा चार वर्षांची होती आणि घरात प्लास्टिकच्या बॉलनं टीव्हीच्या दिशेनं गोल मारायची. त्या वेळी मला वाटलं होतं, किती तत्पर आहेत हॉटेलवाले, पाहुण्याची अब्रू कशी राखतात. आता अंथरुणात पडल्या पडल्या वाटलं, या खेळात चादर कुणाला मिळते आणि कुणाला आईची ओढणी धरून उभं राहावं लागतं.

फुटबॉल माझ्या अंगात खडकीतून आला. त्यामुळे फिफाच्या बातम्या मी राजकारणाच्या बातम्यांसारख्या वाचत नाही, माहेरच्या बातम्यांसारख्या वाचते. त्या काळात सगळं वाचून काढलं होतं. अमेरिकेच्या न्याय खात्यानं चौदा जणांवर आरोप ठेवले होते, ४७ कलमं. चोवीस वर्षांत मिळून १५ कोटी डॉलरहून जास्त लाच, आणि तीही बहुतेक करून प्रक्षेपणाच्या आणि जाहिरातीच्या हक्कांसाठी. कोपा अमेरिका, गोल्ड कप अशा स्पर्धांचे हक्क कुठल्या कंपनीला द्यायचे ते ठरवणारी माणसं त्याच कंपनीकडून पैसे घेत होती. भारतात किंवा स्वित्झर्लंडमध्ये नाही, आणि अमेरिकेतच खटला का, असं तेव्हा आमच्या बँकेतल्या एकानं विचारलं होतं. मला त्याचं उत्तर लगेच कळलं, कारण ते आमच्याच धंद्यातलं होतं. पैसे डॉलरमध्ये फिरले, आणि डॉलर बँकांमधून फिरला की कुठेतरी अमेरिकन बँकेच्या वहीत त्याची नोंद पडतेच. माणसं गप्प बसतात, पण नोंद राहते.

या प्रकरणाचा धागा सापडला तोही हिशेबातूनच. चक ब्लेझर नावाचा गृहस्थ उत्तर आणि मध्य अमेरिकेच्या महासंघाचा सरचिटणीस होता. करारांवर दहा टक्के स्वतःला घ्यायचा, म्हणून लोक त्याला 'मिस्टर टेन पर्सेंट' म्हणत. न्यूयॉर्कच्या ट्रम्प टॉवरमध्ये त्याचा फ्लॅट होता आणि मांजरांसाठी म्हणून दुसरा, असं छापून आलं होतं. या माणसानं वर्षानुवर्षं आयकराचं विवरणपत्रच भरलं नव्हतं. त्यावरून तो अडकला, मग तपासयंत्रणेला सामील झाला, आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी किल्ल्यांच्या जुडग्यात मायक्रोफोन लपवून आपल्याच सोबत्यांशी गप्पा मारत बसला. त्या मांजरांच्या फ्लॅटबद्दल वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या खडकीच्या मैदानाचा कोपरा यायचा, जिथे बाराही महिने गवताचं एक पातं उगवत नसे आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल असे.

पण मला सगळ्यात जास्त छळतं ते पोर्ट ऑफ स्पेन. १० मे २०११. त्रिनिदादमधलं एक मोठं हॉटेल. कॅरिबियन बेटांच्या फुटबॉल संघटनांचे प्रतिनिधी जमले होते. फिफाच्या अध्यक्षपदासाठी उभे असलेले कतारचे मोहम्मद बिन हम्माम तिथे भाषण करून गेले. मग प्रतिनिधींना एकेकाला एका खोलीत बोलावून पाकीट देण्यात आलं. आत ४० हजार डॉलर, शंभराच्या नोटांत. म्हणजे चारशे नोटा, आमच्या भाषेत चार पॅकेट. चार पॅकेट एकावर एक ठेवली की साधारण डाळीच्या डब्याच्या उंचीपर्यंतही जात नाहीत, हाताच्या ओंजळीत मावतात. वजनाला चारशे ग्रॅम, कारण शंभराची डॉलरची नोट साधारण एक ग्रॅमची असते. अर्धा किलोसुद्धा नाही. बहामाच्या फुटबॉल संघटनेचे उपाध्यक्ष फ्रेड लन यांनी ते पाकीट उघडलं, नोटांचा फोटो काढला, आणि पैसे परत केले.

या माणसाबद्दल मी कितीदा विचार केला असेल. त्यानं भाषण केलं नाही की आरडाओरडा केला नाही. आपल्या संघटनेच्या अध्यक्षाला कळवलं, फोटो काढला, परत दिलं. इतर बेटांच्या बऱ्याच जणांनी ते पाकीट तसंच ठेवून घेतलं. आणि त्यांना मी सरळ चोर म्हणू शकत नाही, कारण ते पाकीट विकासासाठी म्हणून दिलं गेलं होतं. तुमच्या बेटावरच्या फुटबॉलसाठी, हवं तसं वापरा. बाकीच्यांनी घेतलंय, देणारा मोठा माणूस आहे, बोलावणारा आपला नेता आहे. 'असू द्या हो' हे तीन शब्द कानावर पडल्यावर परत करायला हात पुढे होत नाही. दुसऱ्या दिवशी त्या भागाचे सर्वेसर्वा जॅक वॉर्नर सभेत जे बोलले त्याची चित्रफीत नंतर बाहेर आली. ज्यांना आपण फार सोवळे आहोत असं वाटतं त्यांनी चर्च काढावं, आपलं प्रकरण आपल्यातच राहिलं पाहिजे, असा त्याचा अर्थ होता. हे बोलणं मला परकं वाटलं नाही. असं बोलणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत, आणि त्यांतला एक माणूस मला फार प्रिय होता.

अप्पामामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. फॅक्टरीत नोकरी. साडेचारचा भोंगा झाला की सायकलवरून थेट मैदानात. वस्तीतल्या एका संघाचा तो सेक्रेटरी, खजिनदार, मालिश करणारा, भांडणारा, सगळं काही होता. त्याच्या शर्टाला कायम आयोडेक्सचा वास यायचा. फाटलेला बॉल तो स्वतः मेणाच्या दोऱ्यानं शिवायचा, ओठांत सुई धरून, आणि मी समोर पायरीवर बसून बघायची. मुली फुटबॉल खेळत नसत तेव्हा, पण मला तो बॉल धरायला द्यायचा. शिवून झाला की नाकाशी नेऊन वास घ्यायचा आणि म्हणायचा, "जिवंत झाला बघ." त्या बॉलचा वास, कातडं आणि माती आणि मेण, आजही कधी मोच्याच्या टपरीजवळून जाताना येतो आणि मी थांबते.

मामा गेला त्याला आता अकरा वर्षं झाली. तेराव्याला अंगणात मांडव घातला होता. त्याचे जुने खेळाडू आले होते, पन्नाशी-साठीची माणसं, कुणी रिक्षा चालवणारा, कुणी रेल्वेतून निवृत्त. जेवणं झाल्यावर पान लावत बसले होते. एक जण, पूर्वी गोलकीपर होता, डोळे पुसत म्हणाला, "वहिनी, मला आयुष्यातले पहिले बूट अप्पांनी दिले. बापानं दिले नसते." मामी पदर तोंडाला लावून ऐकत होती. त्यानंतर दहा मिनिटं गेली असतील नसतील, दुसरा एक जण, जरा बाजूला बसलेला, कुणाकडेच न बघता म्हणाला, "प्रवासभत्त्याच्या कागदावर आम्ही सह्या करायचो. तिकीट चिकटवलेलं असायचं. पैसे काही कधी हातात आले नाहीत." कुणी काहीच बोललं नाही. पानाच्या डब्याचं झाकण लावल्याचा आवाज तेवढा झाला.

त्या दोन वाक्यांची बेरीज मला आजवर करता आलेली नाही. ज्याचे भत्ते गेले त्याच्याच पैशातून दुसऱ्याचे बूट आले असतील का? की बुटांना थोडे गेले आणि बाकीचे मामाच्या घरखर्चात? मामा काही श्रीमंत झाला नाही, शेवटपर्यंत तीच सायकल. पण नऊ बॉल आणून बाराचं बिल लावायचं, हे तो घरात मोकळेपणानं सांगायचा आणि आम्ही सगळे ऐकून हसायचो. हिशेबाची वही त्यानं कधी ठेवली नाही. कुणी विचारलं तर त्याला लागायचं. "मी खातो का रे?" असं तो इतक्या दुखावलेल्या आवाजात विचारायचा की विचारणाऱ्यालाच वाईट वाटायचं. ज्याला बूट मिळाले तो आयुष्यभर त्याचा झाला. ज्याला भत्ता मिळाला नाही तो दोन वर्षांनी खेळणं सोडून गॅरेजला लागला. ते त्या दिवशी तेराव्यालाच कळलं.

म्हणून २९ मे २०१५ चा निकाल लागला तेव्हा जगाला जेवढं नवल वाटलं तेवढं मला वाटलं नाही. चादरींची पहाट होऊन दोन दिवस झाले होते. सगळ्या वर्तमानपत्रांत फिफाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांनी जावं अशी हाकाटी चालली होती. आणि फिफाच्या सभेत मतदान झालं तेव्हा ब्लाटर यांना १३३ मतं, जॉर्डनचे राजपुत्र अली यांना ७३. पुढची फेरी होण्याआधीच अली यांनी माघार घेतली आणि ब्लाटर पाचव्यांदा अध्यक्ष झाले. चारच दिवसांनी त्यांनी पद सोडणार म्हणून जाहीर केलं, ते वेगळं. पण ती १३३ मतं कुठून आली हे समजून घ्यायला झुरिकला जावं लागत नाही. आमच्या कोथरूडच्या बागेत या. तिथल्या प्रत्येक बाकाच्या पाठीवर नाव आहे, अमुक नगरसेवकांच्या विकासनिधीतून. पैसा आपण भरलेल्या कराचा, बाक आपल्या बागेचा, आणि संध्याकाळी तिथे टेकणारे आजोबा मनापासून म्हणतात, "बाक त्यांनी दिला हो." ब्लाटर यांनी १९९९ साली 'गोल' नावाची योजना सुरू केली. गरीब देशांत फुटबॉलची कचेरी, मैदान, कृत्रिम गवत. पैसा वर्ल्ड कपमधून आलेला, म्हणजे सगळ्या फुटबॉल जगाचा. पण ज्या देशात पहिल्यांदा दिव्याखाली सामना झाला तिथल्या माणसाला तो ब्लाटर यांनी दिला असंच वाटणार. आमच्या गोलकीपरला बूट अप्पांनी दिले तसंच.

फिफात प्रत्येक देशाला एक मत. पाच हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या मॉन्सेरातला एक, दीडशे कोटींच्या भारतालाही एकच. यावर पुष्कळ जण नाक मुरडतात की हेच सगळ्या घाणीचं मूळ आहे. मला ते पटत नाही. लहान बेटावरच्या पोरालाही बॉल तितकाच गोल लागतो, त्याच्या देशाचं मत कमी का असावं? दोष मताचा नाही. आपल्याच हक्काचा पैसा आपल्याला कुणाच्या तरी मेहेरबानीसारखा दिला जातो आणि आपण तो दोन्ही हातांनी, मान खाली घालून घेतो, तिथे काहीतरी बिघडतं. २ डिसेंबर २०१० ला तर देशांची मतंही नव्हती. कार्यकारी समितीतल्या बावीस माणसांनी बंद दाराआड २०१८ चा वर्ल्ड कप रशियाला आणि २०२२ चा कतारला दिला. खरं तर चोवीस जण मत देणार होते. दोघांना त्याआधीच निलंबित केलं होतं, कारण एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या छुप्या कॅमेऱ्यापुढे त्यांनी पैशाच्या गोष्टी केल्या होत्या. शेवटच्या फेरीत कतारला चौदा, अमेरिकेला आठ.

आणि कायदा? त्याच्या बाबतीत मी आता फार भाबडी राहिलेले नाही. ब्लाटर यांच्या आधी चोवीस वर्षं फिफाचे अध्यक्ष होते ब्राझीलचे जुआंव हावेलांज. आयएसएल नावाची एक स्विस कंपनी वर्ल्ड कपचे हक्क विकायची. २००१ मध्ये ती बुडाली आणि तिच्या कागदांतून एकेक गोष्ट वर यायला लागली. २०१२ मध्ये स्विस सरकारी वकिलांचा अहवाल खुला झाला, त्यात हावेलांज आणि त्यांचे एकेकाळचे जावई रिकार्डो तेशेरा यांना त्या कंपनीकडून कोट्यवधी फ्रँक मिळाल्याची नोंद होती. पण त्या काळच्या स्विस कायद्यात खाजगी संस्थेतल्या माणसानं अशी दलाली घेणं हा गुन्हाच नव्हता. त्या अहवालातली एक बारीक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. १९९७ च्या मार्चमध्ये हावेलांज यांच्यासाठीचे पैसे चुकून फिफाच्याच खात्यात जमा झाले. मग ते परत फिरवण्यात आले. मी त्या कचेरीत त्या दिवशी ती एन्ट्री बघणाऱ्या माणसाची कल्पना करते. माझ्यासारखाच कुणीतरी, चष्मा कपाळावर, चहा शेजारी. रक्कम दिसली, नाव दिसलं, अर्थही कळला असेल. काउंटरवर कधीकधी आम्हालाही असा अर्थ कळतो. आणि मग आपण पुढची स्लिप ओढतो.

पुढे ब्लाटर आणि युरोपच्या फुटबॉल महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मिशेल प्लाटिनी यांच्यावर २० लाख फ्रँकच्या एका देण्यावरून फिफानं बंदी घातली. स्विस कोर्टात मात्र दोघेही २०२२ मध्ये सुटले आणि २०२५ मध्ये अपिलातही सुटले. कोर्टानं सोडलं म्हणजे सोडलं, त्यावर माझं काही म्हणणं नाही. वॉर्नर यांच्यावर फिफानं तहहयात बंदी घातली, पण न्यूयॉर्कच्या कोर्टापुढे ते उभे राहिलेच नाहीत. या सगळ्यात तो पैसा कुठल्या मैदानावर खर्च व्हायचा राहून गेला, ते कुठल्याच निकालात लिहिलेलं नसतं.

मुक्ताला हे सगळं पहिल्यांदा जवळून लागलं ते २०२२ च्या ऑगस्टमध्ये. स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या सकाळी बातमी आली की फिफानं भारतालाच निलंबित केलं. कारण दिलं त्रयस्थाचा, म्हणजे संघटनेबाहेरच्यांचा, हस्तक्षेप. आपल्या महासंघाचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल यांची तिसरी मुदत २०२० च्या डिसेंबरात संपली होती, निवडणूक झालीच नव्हती, म्हणून सुप्रीम कोर्टानं मे महिन्यात कारभार बघायला समिती नेमली. त्यावर ही बंदी. ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्ड कप भारतात व्हायचा होता. आम्ही नवी मुंबईला जाऊन सामना बघायचं ठरवलं होतं. मुक्ता अकरा वर्षांची, भिंतीवर कॅलेंडरची पानं स्वतः आखून दिवस खोडत होती. तेव्हाच गोकुलम केरळाच्या मुली आशियाई स्पर्धेसाठी ताश्कंदला जाऊन पोचल्या होत्या, आणि त्यांना एकही सामना न खेळता परत यावं लागलं. मुक्तानं विचारलं, "त्यांनी काय केलं होतं?" मी म्हटलं, काहीच नाही. "मग त्यांना का परत पाठवलं?" मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातात धरून तशीच उभी राहिले. ज्या संस्थेची माणसं चादरीआडून बाहेर पडली ती संस्था आज आपल्याला नियम शिकवते आहे, याचा संताप होता. पण आपल्याच घरात मुदत संपलेली माणसं खुर्ची सोडत नव्हती, हेही खरं होतं. अकरा वर्षांच्या मुलीला दोन्ही एकदम कसं सांगायचं ते कळलं नाही. दीड आठवड्यात बंदी उठली, निवडणूक झाली. भारताचा माजी कर्णधार बायचुंग भूतिया अध्यक्षपदाला उभा होता, त्याला एक मत पडलं. समोर तेहतीस. मी मुक्ताला आकडे सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एक कुणी दिलं असेल ते?" तिला तेहतिसांचं कुतूहल नव्हतं.

पाकीट आठवडाभर देवघराच्या खालच्या खणात पडून होतं. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "असू दे ना, उगाच कुणाला दुखवायचं." तो वाईट माणूस नाही. त्याचं म्हणणंही चूक नव्हतं, कारण सेक्रेटरी खरंच राबतात. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत कायम जखमेची पट्टी, स्प्रे आणि शिट्टी असते. मुलींची स्पर्धा भरवायला दुसरं कुणी तयार नव्हतं, तेव्हा ते उभे राहिले. उरलेले पंधराशे रेफरीला गेले असतील, रुग्णवाहिकेला गेले असतील, कुठल्या वरच्या माणसाच्या जेवणाला गेले असतील. मला माहीत नाही. अप्पामामाच्या बाबतीतही मला माहीत नव्हतं आणि मी कधी विचारलं नाही, कारण त्यानं तो दुखावलेला आवाज काढला असता. तेराव्याला बाजूला बसलेल्या त्या माणसाचा चेहरा मात्र आता पूर्वीपेक्षा जास्त आठवतो. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

मागच्या रविवारी पुन्हा त्याच मैदानावर सामना होता. मी घरून एक कागद लिहून नेला. तारीख, स्पर्धेचं नाव, 'मानधनापोटी रोख रुपये पंधराशे फक्त मिळाले', खाली माझी सही. सेक्रेटरी नेट बांधत होते. मी कागद दिला आणि म्हटलं, "दादा, व्हाउचरवर आकडा वेगळा पडलाय. मी मोजून घ्यायला हवं होतं. तो काढून हा लावाल का?" त्यांनी कागद वाचला. परत वाचला. आवाज दुखावलेला होताच, अगदी ओळखीचा. "ताई, एवढ्याशा गोष्टीसाठी? ते ऑडिटला गेलं आता." मी काही बोलले नाही, पण तिथून हललेही नाही. छातीत धडधडत होतं. त्यांनी नेटची दोरी दोनदा ओढून बघितली, मग कागदाची घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "बघतो."

तेवढ्यात टेम्पो आला. आज दुसराच संघ होता. आकाश भरून आलं होतं आणि वारा सुटला होता. मुली उतरून उभ्या राहिल्या, पिशव्या छातीशी धरून. मी पर्स मुक्ताकडे दिली, ओढणी सोडली आणि टेम्पोच्या मागे गेले. दुसरं टोक धरायला एक आजी आल्या, नातीसोबत आलेल्या, नऊवारीतल्या, हात थरथरणारे. थेंब पडायला लागले तसं कापड जड होऊन मधोमध झोळ पडला.

"काकू," आतून एक आवाज आला, "जरा वर धरा ना."